अर्ध्या बोटाचा नमदा

राष्ट्रीय संघात देशाच्या म्हणाव्यात अशा तीनच गोष्टी होत्या: झेंडा, ड्रायव्हर आणि मामा. पैकी झेंडा हा गाडीच्या नाकावर चिकटवायचा स्टिकर होता आणि तो परदेशातूनच छापून यायचा; पण रंग आपले होते, हे नाकारता येणार नाही. बाकी गाडी परकी, इंजिन परकं, टायर परके आणि इंजिनियर दोन वेगवेगळ्या देशांचे. ते दोघं तिसऱ्याच देशाच्या भाषेत भांडत. स्पर्धेचा नियमच तसा होता. सगळ्या देशांना एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातली, एकाच माणसाला बसता येईल अशी गाडी मिळायची. आत बसणारा मात्र ज्याच्या त्याच्या देशाचा हवा. कोण कुठल्या देशाचा हे पासपोर्टवरून ठरायचं, कारण ते ठरवायची याहून बरी पद्धत अजून कुठल्याच कारखान्याने काढलेली नाही.

मामा हे ड्रायव्हरचे सख्खे मामा. संघातले सगळेच त्यांना मामा म्हणत, परदेशी इंजिनियरसुद्धा. त्यांना ते नावच वाटायचं. मामांचा मूळ धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. बसच्या, टॅक्सीच्या, एकदा एका शववाहिनीच्यासुद्धा. ('पुढच्या दोन,' असं ते न विचारता स्पष्ट करत.) तीन वर्षांपूर्वी भाच्याची राष्ट्रीय संघात निवड झाली, तेव्हा त्याने एकच अट घातली होती: 'माझी सीट मामाच करणार.' वर्तमानपत्रांना ही अट फार आवडली. त्यामुळे ती मॅनेजरलाही आवडली. मामांनी दुकानाचं शटर ओढलं, हत्यारांची पेटी उचलली आणि ते देशाच्या सेवेत रुजू झाले.

या गाडीची सीट म्हणजे दुकानातून आणून ठोकायची वस्तू नव्हे. गाडीच्या पोटात प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन रसायनं मिसळून ओतायची आणि त्यावर ड्रायव्हरला बसवायचं. मिश्रण फुगतं, त्याच्या अंगाभोवती चढतं आणि दहा मिनिटांत दगड होतं. तेवढा वेळ हलायचं नाही. मग तो साचा बाहेर काढून सुरीने तासायचा आणि वर न जळणारं कापड चढवायचं. शेवटी जे हातात येतं ती सीट नसते. तो त्या माणसाच्या पाठीचा, कमरेचा आणि मांड्यांचा उलटा पुतळा असतो. मामा म्हणत, "चेहरा मी विसरतो. पाठ नाही विसरत."

हंगामातली शेवटची शर्यत होती. शुक्रवारी दुपारी सराव संपल्यावर मॅनेजर मामांच्या टेबलापाशी आला. मॅनेजर हा अत्यंत गोड माणूस. वाईट बातमी तो कधी सांगत नसे. ती दुसऱ्या कुणाकडून तरी कळेल अशी व्यवस्था करत असे.

"मामा, एक शेजारधर्माचं काम होतं."

"बोला."

"बाजूच्या गॅरेजमधले हिरवे आहेत ना, त्यांची एक सीट जरा त्रास देतेय. त्यांच्या माणसाला कळेना. म्हटलं, आमच्या मामांसारखा हात या स्पर्धेत कुणाचा नाही. बघाल का?"

"उद्या निवड फेरी आहे त्यांची. आज सीट सोडतील ते?"

"जादाची आहे हो. आत्ताची नाही." मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. "घाई नाही. पण उद्या संध्याकाळपर्यंत हवी."

ज्या कामाची घाई नाही आणि जे उद्या हवं, ते काम ब्लँकेटात गुंडाळून दहा मिनिटांत आलं. आणणाऱ्याने ते टेबलावर ठेवलं, मामांना सलाम केला आणि मागे न बघता तो निघून गेला. सीटच्या मागच्या बाजूला ड्रायव्हरचं नाव लिहायची पद्धत असते. तिथे पांढरी चिकटपट्टी होती. एकावर एक, तीन थर. सोबत एक चिठ्ठी: 'दहाव्या फेरीनंतर उजवा हात बधिर होतो.'

मामांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग नेहमीप्रमाणे डोळे मिटून सीटवर दोन्ही तळवे ठेवले. ही त्यांची जुनी सवय. शिंपी टेप लावतो, मामा तळवे लावत.

डावा तळवा खांद्याच्या खोलगट जागेत जाऊन बसला. उजवा बसेना. तिथे नुकतीच भरलेली लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, होती. सीट करणाऱ्या कारागिराला उजवा खळगा डाव्यापेक्षा खाली आलेला दिसला असणार. त्याला ती साच्यातली चूक वाटली. चांगल्या कारागिराला खटकावं तसं ते त्याला खटकलं आणि त्याने ती भरून, घासून, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करून टाकल्या होत्या.

मामांनी पेटीतून बारीक सुरी काढली आणि लांबी खरवडायला घेतली. एक थर, दोन थर. खालचा मूळ साचा उघडा पडला तसं त्यांनी बोट आडवं लावून पाहिलं. अर्धं बोट. डाव्यापेक्षा बरोबर अर्धं बोट खाली.

पाठीत सुरा खुपसला वगैरे भाषा वर्तमानपत्रांची. इथे मामांच्या हातात खरोखरच सुरी होती आणि समोर खरोखरच पाठ होती. खुपसणारा मात्र भलताच कुणीतरी होता.

भाचा बारा वर्षांचा असताना सुट्टीत मामांच्या दुकानात पडून असायचा. बहिणीने सांगून ठेवलं होतं, 'दादा, याच्यावर नजर ठेव, हा पायाने चालत नाही, उडतो.' मामा नाक्यावर चहाला गेले. पाच मिनिटं म्हणून गेले आणि अर्ध्या तासाने आले. विषय क्रिकेटचा होता. तोपर्यंत भाच्याने बसच्या बारा जुन्या सीटा एकावर एक रचून वर चढून खाली उडी मारली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं. मामांनी बहिणीला सांगितलं, 'पायरीवरून घसरला.' भाच्यालाही तेच सांगायला लावलं. हाड जुळलं, पण जरा तोकडं जुळलं. उजवा खांदा अर्धं बोट खाली आणि किंचित पुढे राहिला. कुणाला दिसत नसे. आईला नाही, डॉक्टरला नाही, आणि स्वतः भाच्याला तर नाहीच, कारण आरशात माणूस चेहरा बघतो. दिसायचा तो फक्त मामांना, आणि तोही रोज.

सीटच्या साच्यात बसताना माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ बसतो. शर्यतीत दहाव्या फेरीला तो खरा बसतो. पट्टे आवळलेले असतात, खांदा टेकायला जागा शोधतो, ती मिळाली नाही की शीर दाबली जाते आणि हात जड होतो. म्हणून मामा उजवा खळगा होता तसा ठेवत आणि पुढे आलेल्या खांद्याला टेकू म्हणून कापडाच्या आत नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचा, अर्ध्या बोटाचा तुकडा लावत. लहान गाड्यांच्या शर्यतींपासून आजवर अकरा सीटा झाल्या होत्या. अकराही सीटांत तो तुकडा होता. भाच्याला त्याचा पत्ता नव्हता. 'मामाच्या हातात जादू आहे,' असं तो मुलाखतीत सांगायचा. मामा ऐकून घेत. पोराला आपण वाकडे आहोत हे कळू नये, असं ते स्वतःला सांगत. पायरीची गोष्ट कायम राहावी, हेही त्यात होतं. पण ते स्वतःला सांगत नसत.

आता सगळं सरळ रेषेत येऊन बसलं. दोन आठवड्यांपूर्वी भाचा 'जाहिरातीच्या शूटिंगला' चार दिवस गेला होता. परत आला तेव्हा उजवा हात चोळत होता. मामांनी विचारलं तर म्हणाला, "पोझ देऊन देऊन अवघडला." जाहिरात टायरची होती म्हणे. टायरच्या जाहिरातीत हाताला कसली पोझ, हे तेव्हा मामांना सुचलं नाही.

आणि त्याआधी, दोन महिन्यांपूर्वी, बहिणीने माळ्यावरची ट्रंक काढायला बोलावलं होतं. 'सासूबाईंचा जन्मदाखला हवाय. नावात चूक आहे, दुरुस्त करून ठेवते.' गेलेल्या सासूबाईंच्या नावातली चूक एकाएकी कुणाला नडली, हेही मामांनी विचारलं नाही. शिडीवर चढले, ट्रंक उतरवली, अंगभर धूळ घेतली. दाखला हिरव्या शाईचा होता. सासूबाई मूळच्या हिरव्यांच्या देशाच्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; दरवर्षी थंडी पडली की त्या 'आमच्याकडे ही थंडी नव्हे' असं सुनावत. त्या दाखल्यावर नातवाला पासपोर्ट मिळतो, एवढं मात्र मामांना कुणी सुनावलं नाही.

त्यांनी बहिणीला फोन लावला.

"जेवलास का, दादा?" बहिणीने विचारलं. काही लपवायचं असलं की ती आधी जेवणाचं विचारते.

"जेवलो. सासूबाईंच्या नावातली चूक दुरुस्त झाली का गं?"

पलीकडे बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. मग बंद झालं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सीटने."

"दादा, तो स्वतः सांगणार होता तुला. म्हणाला, शर्यत झाली की सांगतो. तू मनाला लावून घेशील म्हणून..."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"अरे, कुणाला म्हणजे... घरातच."

"घरात म्हणजे कोण?"

"मी, हे, थोरली. आणि तिच्या सासरचे."

"तिच्या सासरच्यांना माहीत आहे."

"ते काही बोलत नाहीत रे कुणापाशी."

"नाही, चांगले आहेत ते," मामा म्हणाले. "ट्रंक परत वर ठेवायला कोण आलं होतं?"

"कुणी नाही. खालीच आहे अजून. तू आलास की..." बहीण मध्येच थांबली. विनंतीची वेळ चुकली हे तिचं तिलाच कळलं असावं. "दादा, तिकडे गाडी पहिल्या तीनांत असते. इथे आपण सोळावे. त्याचं वय निघून चाललंय. तू त्याच्या जागी असतास तर?"

"मी त्याच्या जागीच असतो गं. दर वेळी आधी मीच बसून बघतो."

फोन ठेवून मामा मॅनेजरकडे गेले. मॅनेजर पुढच्या हंगामाच्या पत्रकाचा मजकूर तपासत होता. मथळा होता, 'एक देश, एक संघ, एक कुटुंब.'

"सीट कुणाची आहे?" मामांनी विचारलं.

"हिरव्यांची. सांगितलं ना."

"आत बसणारा?"

मॅनेजरने पत्रक पालथं ठेवलं. "मामा, तुम्ही शहाणे आहात."

"असतो तर विचारायला आलो नसतो."

"हे बघा, आपण त्याला अडवू शकलो असतो. पण अडवून ठेवलेला ड्रायव्हर आणि बांधून ठेवलेला बैल, दोघांचा उपयोग काय? शिवाय हिरवे आपल्याला त्यांचा एक इंजिनियर देतायत. रीतसर, पत्र देऊन. आपलाही फायदाच आहे. त्यात तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काहीही नाही."

"ते खरं आहे," मामा म्हणाले. "माझ्याबद्दल कुणाच्या मनात काही आलंच नाही."

"तुम्ही आपल्या संघातच राहताय की. कराराचं पान तुमच्यासाठी आधीच काढून ठेवलंय. नवा ड्रायव्हर येतोय, त्याची सीट तुम्हीच करायची. त्याच्या आजीचा जन्म आपल्याकडचा आहे."

मामांनी मान डोलावली. देशाच्या अभिमानाचा बराचसा भार हल्ली आज्यांवर आहे, असं त्यांना वाटून गेलं. पण मॅनेजरचं पत्रक तपासायचं राहिलं होतं, म्हणून ते उठले.

शनिवारी दुपारी, रविवारच्या शर्यतीत कोण कितवा उभा राहणार हे ठरवणारी निवड फेरी झाली. पिवळे, म्हणजे आपण, चौदावे आले. भाचा हेल्मेट काढून, केस विस्कटलेले, थेट मामांच्या टेबलाशी आला आणि नेहमीसारखा टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. ब्लँकेट बाजूला होतं. सीट उघडी होती. कापड अजून चढवलेलं नव्हतं.

"शेजाऱ्यांची का?" भाच्याने विचारलं. आवाज अगदी सहज होता. सहज आवाज काढायला त्याला फार कष्ट पडतात, हे मामांना तो चार वर्षांचा असल्यापासून माहीत होतं.

"हो."

"काय झालंय तिला?"

"उजवा हात बधिर होतो म्हणे त्यांच्या माणसाचा."

"कोण चालवतो त्यांची जादाची?"

"तेच विचारणार होतो. तुला माहीत असेल म्हणून."

भाच्याने टेबलावरची कात्री उचलली, दोनदा उघडझाप केली, खाली ठेवली. "मला कसं माहीत असणार?"

मामांनी एक संधी बाजूला ठेवली. खिशातून तंबाखूची डबी काढावी तशी दुसरी काढली. "शूटिंग कधी लागणार टीव्हीवर? टायरचं?"

"ते... कापलं बहुतेक त्यांनी. तसं असतं त्यांचं."

"तुझ्या आईने ट्रंक खालीच ठेवलीय अजून. जाऊन वर टाकली पाहिजे."

"मी टाकीन ना. तू कशाला चढतोस शिडीवर या वयात?" भाचा हसला. मग त्याला नीट ऐकू आलं असावं, कारण हसू तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं.

त्याला अजून अर्धं मिनिट होतं. मामांनी ते दिलं. टेबलावरचा कचरा हाताने गोळा केला, डब्यात टाकला, डब्याचं झाकण लावलं. भाचा जमिनीकडे बघत होता. सांगायची गोष्ट इतके दिवस तोंडात धरून ठेवली की ती तिथेच विरघळते, तसं काहीतरी झालं होतं. शेवटी तो म्हणाला ते वेगळंच:

"होईल ना पण? दुरुस्त?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. तीन थरांच्या चिकटपट्टीमागचा माणूस टेबलाच्या कोपऱ्यावर पाय हलवत बसला होता आणि त्याला फक्त एवढंच हवं होतं. काल रात्री मामांनी ठरवलं होतं की सीट आहे तशी द्यायची. लांबी परत भरायची, घासायची, दोन्ही खांदे सारखे, काम सुबक. दहाव्या फेरीला ज्याचं त्याला कळलं असतं. पण सकाळी सुरी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की हे आपल्याला येतच नाही. चाळीस वर्षांत वाईट सीट करायला शिकायचं राहून गेलं होतं.

"इकडे ये," ते म्हणाले. "हात दे."

त्यांनी भाच्याचा उजवा हात धरून तळवा सीटच्या उजव्या खळग्यात ठेवला. मग डावा डाव्यात.

"काय कळतं?"

"उजवा जास्त खाली आहे. चुकलंय त्यांचं."

"नाही. त्यांचं एवढंच बरोबर होतं. मग त्यांनी ते भरून टाकलं." मामांनी पेटीतून नमद्याचा तुकडा काढला आणि भाच्याच्या हातात दिला. "तुझा उजवा खांदा अर्धं बोट खाली आहे. बाराव्या वर्षापासून. खळगा राहू द्यायचा आणि कापडाच्या आत हा लावायचा, वरच्या शिवणीपासून चार बोटं खाली. तुझ्या प्रत्येक सीटमध्ये आहे. आता दुसऱ्याकडून करून घ्यायचं, तर माहीत असायला हवं."

भाचा तुकड्याकडे बघत राहिला. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा होता.

"म्हणजे मी वाकडा आहे?"

"अर्धं बोट."

"आणि तू आजवर मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"इतकी वर्षं, मामा."

"हो," मामा म्हणाले. "वाईट वाटतं ना, आपल्याच माणसाने सांगितलं नाही की?"

बाहेर कुणीतरी इंजिन तापवायला घेतलं, त्यामुळे थोडा वेळ बोलता येईना. दोघांचीही सोय झाली. ते थांबल्यावर मामा म्हणाले, "तू पायरीवरून घसरलास असंच तुझ्या आईला अजून वाटतं. दुकानात पडलास. मी चहाला गेलो होतो. खोटं मीच सांगितलं, तुलाही सांगायला लावलं. तेही सांगून टाक तिला. ट्रंक वर टाकायला जाशील तेव्हा."

"मामा, मी सांगणार होतो. उद्याची झाली की..."

"मी उद्याची झाली तरी तुला सांगणार नव्हतो," मामा म्हणाले. "एवढाच फरक आहे."

त्यांनी कापड ओढलं, तुकडा जागेवर ठेवला, सुई ओवली आणि शिवायला घेतलं. भाचा काही वेळ उभा राहिला. पूर्वी अशा वेळी तो दोरा धरायचा. त्याने हात पुढेही केला. पण दोरा मामांनी दातात धरला होता.

संध्याकाळी सीट ब्लँकेटात गुंडाळून शेजारी गेली. त्याआधी मामांनी मागची चिकटपट्टी सोलून काढली होती. तिन्ही थर.

रविवारी शर्यतीआधी सगळ्या देशांचे ड्रायव्हर आपापल्या झेंड्याखाली ओळीत उभे राहिले. ही स्पर्धेची प्रथा आहे. त्याशिवाय कोण कुणाचा हे प्रेक्षकांना कळणं कठीण. मामा नेहमीप्रमाणे गॅरेजच्या दाराशी, हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकून उभे होते. आपलं राष्ट्रगीत वाजलं. भाचा ताठ उभा होता. इतका ताठ तो कधीच उभा राहिला नव्हता. उजवा खांदा त्याने उचलून धरला होता, डाव्याच्या बरोबरीला आणायला, आणि अंदाज नसल्यामुळे तो आता डाव्याच्याही वर गेला होता. हे धरून ठेवायला किती जोर लागतो ते मामांना दारातून दिसत होतं. दहा फेऱ्याही नाही टिकायचं ते.

गॅरेजमधल्या टीव्हीवर समालोचक भारावून गेला होता. "पाहा," तो म्हणत होता, "देशाचा अभिमान कसा अंगात मावत नाहीये."

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची घडी घातली आणि ते पेटी भरायला आत गेले.